न चावणारे बूट

म्हातारपणी माणसाने कसं वागावं हे सांगणाऱ्यांची जगात टंचाई नाही. बूटवाल्याच्या घरात तर बाहेरचं कोणी लागायचंच नाही. त्याची बायको एकटी पुरेशी होती. नवऱ्याला मधुमेह निघाला आणि नर्सने तिला बाजूला बसवून पायांची काळजी समजावून सांगितली, तेव्हापासून तिने घरात दुसरा विषयच ठेवला नाही. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. बूट झटकल्याशिवाय घालायचा नाही, कारण पाय बधिर झालेत, आत खडा असला तरी आता तुम्हाला कळणार नाही. आणि रोज संध्याकाळी तळव्यासकट पाय तपासून घ्यायचे.

"आयुष्यभर मी लोकांचे पाय बघितले," तो म्हणायचा. "आता माझे तू बघणार?"

"बघून काय झिजणार आहेत?"

"झिजलेच तर मीच शिवीन. जा, चहा टाक."

हे रोजचंच. पालथ्या घड्यावर पाणी. तरी ती ओतायचं सोडत नव्हती, कारण डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की या पायाला जखम झाली तर ती भरेलच असं नाही. पाय गेला की दुकान गेलं. आणि दुकान गेल्यावर हा माणूस घरात बसून काय करेल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

मुलाने त्याच्यासाठी रबरी तळव्याचे, पट्टीने बंद होणारे पसरट बूट आणले. बूटवाल्याने ते उलटेसुलटे करून पाहिले, नाकाशी नेले आणि म्हणाला, "हे बूट नव्हेत, बुटांचे खोके आहेत." मग आपल्या पायाचे बूट आपणच करायचे ठरवून तो दुकानात गेला.

दुकानाच्या मागच्या फळीवर जुन्या गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे मांडलेले होते. त्यांतच त्याच्या स्वतःच्या पायांचे होते, ऐन चाळिशीत कोरलेले. कोणी म्हातारं गिऱ्हाईक आलं की तो बजावायचा, "जुन्या मापावर जाऊ नका, वय झालं की पाय पसरतो," आणि त्यांच्या साच्याला कडेने चामड्याची पट्टी डकवून माप वाढवायचा. स्वतःच्या साच्याला मात्र एक पट्टी लावावी असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बूट झाले मात्र देखणे. गडद तपकिरी, तांबूस झाक असलेले. या धंद्यात सगळे मानतात की नवा बूट आधी चावतो आणि मग पायाचं ऐकायला लागतो. बूटवाला पहिल्या संध्याकाळी घरी आला तो दारातूनच ओरडत. "चावलाच नाही! अगं, पहिल्या दिवशी चावला नाही असा बूट मी जन्मात केला नव्हता!"

शेजारच्या शिंप्याला सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, मुलाला दोनदा सांगितलं. खरं तर तिलाही अभिमान वाटला. पाय दाखवा म्हटलं की तो हसायचा. "जो बूट चावतच नाही, त्याच्या आत काय बघायचंय?" आणि इतक्या दिवसांनी खुशीत दिसणाऱ्या माणसाचा विरस नको म्हणून तिने काही संध्याकाळी जाऊ दिल्या.

मोजे ती हाताने धुवायची. एके दिवशी उजव्या मोज्यावर अंगठ्यापाशी तांबूस तपकिरी डाग दिसला. चामड्याचे रंग तिने या माणसाच्या बाह्यांवरून, रुमालांवरून उभा जन्म घासून काढले होते. तिने साबण लावला आणि घासला. दुसऱ्या दिवशी डाग मोठा होता.

"तुमच्या बुटाचा रंग सुटतोय हो."

त्याला राग आला. "माझ्या रंगाला नावं ठेवू नकोस." मग जरा विचार करून म्हणाला, "घामाने सुटतो थोडा. थांबेल आपोआप."

तिला ते पटलं. दुसऱ्या कुठल्याही घरात तो डाग पाहून कोणीतरी किंचाळलं असतं. इथे दोघांनाही रंगातलं कळत होतं, तेच नडलं.

पुढे वास आला, ताप भरला, मुलाने त्याला उचलून नेलं. उजव्या पायाचा पुढचा अर्धा भाग कापावा लागला.

ऑपरेशननंतर डॉक्टर खाटेपाशी आले. "इतकं होईपर्यंत मोज्याला काही लागलं नाही? मोजे कोण धुतं?"

मुलगा बापावर उखडला. "आई घसा फोडून सांगत होती! कधी ऐकलंत तिचं?"

तिने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "मोजे मीच धुतो."

स्वतःची कपबशी कधी विसळली नव्हती त्या माणसाने. मुलाच्या ते लक्षातही आलं नाही. तिला अजूनही बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

दुकान मुलाने काढून टाकलं. भेटायला येणारे बूटवाल्यासमोरच म्हणत, "काकू बिचाऱ्या सांगून सांगून थकल्या, पण ऐकतंय कोण?" त्या कौतुकासारखी शिवी तिने आजवर खाल्ली नव्हती. शेवटी घरात दोघंच असताना ती त्याच्यापाशी बसली. "मोजे मी धूत होते. माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुला बोलले असते सगळे," तो म्हणाला. "तुझ्यासाठी एवढं केलं. आता तू माझ्यासाठी एक कर. यापुढे मला काही सांगायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

ती मान्य करून बसली. तो दिवसभर खिडकीपाशी असतो, उरलेला धड पाय थंड फरशीवर उघडा टाकून. चहा आला की तिच्या डोळ्यांदेखत साखर घालतो, एक चमचा, दुसरा, तिसरा. डबा लांब असला की नुसता हात पुढे करतो. ती उठते आणि डबा त्याच्या हाताशी सरकवते.