मुस्तफाचा निरोप

उस्मानचाचा मुलाचा आवाज कधी बसून ऐकत नसत. फोनवर मुस्तफाचा निरोप आला की हातातला चहा खाली ठेवायचे, बुटांच्या नाड्या बांधायचे आणि गोदामाच्या भिंतीजवळ ताठ उभे राहून फोन कानाला लावायचे. एकदा मी खुर्ची पुढे केली. म्हणाले, "आमच्या वेळी तळावर पत्रं हजेरीच्या वेळी वाटायचे, उस्ताद. घरचं पत्र उभ्यानंच हातात पडायचं. आता बसून ऐकलं तर कान साथ देत नाहीत."

कुवेतमधल्या जहरा शहरातल्या आमच्या गोदामाच्या फाटकावर ते पहारेकरी होते. मूळचे सुदानचे, तरुणपणी तिथल्या सैन्यात शिपाई. हिंदी आमच्यात राहून शिकलेले. मी हिंगोलीकडचा, बीकॉम, गोदामाच्या हपिसात कारकून. मी पदवीधर आहे हे कळल्यापासून त्यांनी मला उस्तादच केलं. पहिल्या उन्हाळ्यात मी तापाने पडलो, तेव्हा चार दिवस पेज करून घालणारे हेच.

त्यांच्या देशात यादवी पेटली आणि मुस्तफा तळावर गेला. तिथे पन्नास जणांत एक फोन. दहा-बारा दिवसांनी एक जण तो घेऊन नेटवर्क येईल त्या टेकडीपर्यंत चालत जायचा आणि सगळ्यांचे आवाज पाठवायचा. गावी नेट धड नसल्याने मुस्तफाचा निरोप कुवेतला चाचांकडे यायचा. गावात नेट येईपर्यंत चाचा तो पुन्हा पुन्हा त्याच्या आईला पाठवत राहायचे.

निरोप अरबीत, पाच-सहा मिनिटांचा असायचा; इथे राहून मला तेवढी अरबी कळायची. त्यातली चार मिनिटं नुसती विचारपूस. आई कशी आहे, मावशी कशी आहे, तिचा गुडघा कसा आहे, शेजारचा हसन, हसनची म्हातारी. मग कुठे डाळ पातळ असते, कडुनिंबाखाली झोपतो, बूट फाटले.

"चाचा, बॅटरी संपत असेल त्याची," मी म्हणालो. "मुद्द्याचं आधी बोलायला सांगा."

"तू शिकलेला आहेस ना, म्हणून तुला घाई," ते हसले.

एकदा निरोप गावी उघडेचना. चाचा दोन दिवस पाठवत होते. मी म्हणालो, "फाइल मोठी आहे. द्या, मी लहान करतो." मी सुरुवातीची विचारपूस कापली आणि शेवटचं तेवढं पाठवलं: आम्ही पुढे निघतोय. फोन चालणार नाही. आई, काही चुकलं असेल तर माफ कर.

तासाभरात उघडलं. मला फार बरं वाटलं.

दुपारी चाचांचा फोन वाजायला लागला. गावातली माणसं सांत्वन करत होती. त्यांच्याकडे विचारपूस न करता कुणी बोलत नाही; नुसता निरोप येतो तो मरणाचा. मुलगा गेला आणि त्याचे शेवटचे शब्द कुणीतरी पाठवले, असं समजून आईने हंबरडा फोडला होता. अंगणात बायका जमल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत चाचा एकेकाला समजावत राहिले. शेवटी हसन शहराकडे जाऊन पूर्ण निरोप फोनवर उतरवून घेऊन आला, तेव्हा ती रडायची थांबली. मी मान खाली घालून उभा होतो.

"चाचा, चुकलं माझं."

"तू मुद्दा पाठवलास," ते थकून म्हणाले. "तिला मुद्दा नको होता रे. तो सगळ्यांची नावं घेतो, तेव्हा तिला कळतं, पोरगं ठिकाणावर आहे."

त्यानंतर मुस्तफाचा निरोप आलाच नाही. पाच महिने गेले. लढाई गावापर्यंत आली, तशी त्याची आई नातेवाइकांबरोबर कैरोला निघून गेली. एक दिवस चाचांनी राजीनामा लिहून द्यायला माझ्याकडे कागद आणला.

"आणखी थोडं थांबा ना, चाचा. निरोप आला तर इथेच येईल."

"फोन माझ्याबरोबरच येतोय, उस्ताद. इथे मी एकटा वाट बघतो, तिकडे ती एकटी. लिही."

मी लिहून दिला.

गेल्या शुक्रवारी जेवणानंतर मी कैरोला फोन लावला. मुस्तफाचं विचारायचा धीर होईना. चाचाच म्हणाले, "अजून नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ती आत्ताच जरा आडवी झालीय. तोवर फोनपाशी थांबायची पाळी माझी आहे. फोन ठेव आता, लाइन मोकळी राहू दे."