एकाच प्रेसची तीन नावं

"जसं सांगितलं तसं," असं पुटपुटत आमचे जुने कारकून पेनचं टोपण काढत. देवासच्या आमच्या कारखान्यात कुणाला इजा झाली की अपघाताच्या नोंदवहीत ओळ लिहायची, हे त्यांचं काम. जखमी माणूस बोलेल तोच शब्द लिहायचा, पदरचं काही घालायचं नाही. अशी काटेकोर माणसं तुम्हीही पाहिली असतील. रोज शेजारी बसावं लागलं की वैताग येतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नागपूरहून तिथल्या कॉम्प्युटर विभागात लागले. त्या कारकुनांना सगळे बाबूजी म्हणत. घराणं संस्थानाच्या काळापासून देवासचं, मराठी जुन्या वळणाचं. मला, विशीतल्या पोरीला, ते 'आपण' म्हणायचे. नोंदवही कॉम्प्युटरमध्ये चढवताना मी एक शब्द सुधारला, तर म्हणाले, "ताईसाहेब, बोट त्याचं गेलंय. शब्द तरी त्याचा राहू द्या." मी निमूटपणे होतं तसं टाइप केलं.

मग साहेबांनी विचारलं, सर्वांत जास्त अपघात कुठल्या मशीनवर? मला सोपाच प्रश्न. एसक्यूएल या माहिती शोधायच्या भाषेत 'ग्रुप बाय' लिहिलं की एका नावाच्या नोंदी एका ढिगात येतात, 'ऑर्डर बाय' लिहून मोठा ढीग वर आणता येतो. मी ऐटीत कागद छापून काढला. एकाही नावापुढे चारच्या वर आकडा नव्हता.

"बघा बाबूजी, सगळीकडे थोडंथोडं. मशीनचा दोष नाही."

त्यांनी चष्मा लावून वरच्या तीन ओळी वाचल्या. चार नंबर: चार. डोकरी: चार. म्हातारी: तीन. पुन्हा वाचल्या. 

"ताईसाहेब, ही एकच आहे."

पत्रा दाबून कापणाऱ्या चार नंबरच्या जुन्या प्रेसला माळवी कामगार डोकरी म्हणत, आपली मराठी माणसं म्हातारी. कॉम्प्युटरला काय कळणार, त्यानं तीन ढीग केले. अकरा जणांची बोटं त्या एका प्रेसनं खाल्ली होती.  मी तोच कागद साहेबांकडे नेणार होते, या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

बाबूजींना मात्र नोंदवहीतल्या शेवटच्या रकान्यानं हादरवलं. कारण: 'गलती मेरी थी'. नोकरी जाईल या भीतीनं प्रत्येक जण हेच म्हणाला होता, आणि त्यांनी अकरा वेळा तसंच लिहिलं होतं.

ते उठले ते थेट मशीनशॉपमध्ये. मी मागे धावले. प्रेस चालू होती. त्यांनी तिचा मेन स्विच पाडला.

"बाबूजी, क्या कर रिये हो?" सुपरवायझर ओरडला.

"पैले मेरेको हटाओ, फिर चालू करना," एवढंच म्हणून ते प्रेसपुढे स्टूल टाकून बसले.

अखेर मेकॅनिकनं प्रेस उघडली. क्लच झिजलेला होता. पेडलला पाय न लावताही ती खाली येत होती. बाबूजी नोंदवहीपाशी पुन्हा कधी बसले नाहीत. नोकरी सोडली आणि त्या अकरा जणांपैकी एकेकाच्या घरी जायला लागले.

अकरावा कुक्षीला, आपल्या गावी परतला होता. तिथे मीही बरोबर गेले. दारातच हात जोडून बाबूजी म्हणाले, "भिया, गलती तेरी नी थी. मशीन खराब थी."

तो आत गेला. मग आतून म्हाताऱ्या वडिलांना उरलेल्या दोन बोटांनी धरून घेऊन आला.

"इनको कम सुनाई देता है, बाबूजी. एक बार और बोलो."

आणि कधी कुणाशी चढ्या आवाजात न बोललेला तो माणूस भर गल्लीत, आवाज फुटेपर्यंत, "गलती इसकी नी थी" असं ओरडत राहिला.