हेमाताईंच्या जपानी पाट्या

आई गेल्यानंतर तिची उरलेली औषधं परत करायला मी हेमाताईंच्या दुकानात गेले, ती आमची पहिली भेट. कामोठ्यात ज्या इमारतीत मी दहावीच्या शिकवण्या घेते, तिच्या तळमजल्यावरच त्यांचं मेडिकल. पण आईची औषधं भाऊ आणायचा, त्यामुळे मी कधी आत गेले नव्हते. पिशवी काउंटरवर ठेवली. त्यांनी एकेक पट्टी उलटसुलट करून पाहिली, न फोडलेल्या वेगळ्या काढल्या. कोण गेलं, काय झालं होतं, काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "बसा. घाई नाही."

मी स्टुलावर बसले. समोरच्या भिंतीवर पाट्या होत्या. निळ्या, लाल, पिवळ्या, जुन्या इनॅमलच्या मगासारख्या तकतकीत आणि कडेला गंजलेल्या. एकीवर बाटली, एकीवर पोट धरून बसलेलं मूल, बाकी सगळ्यांवर नुसती जपानी अक्षरं. गेले कित्येक दिवस मी रिपोर्ट, बिलं, दाखले वाचत होते. इथे वाचण्यासारखं काही नव्हतं. मी बघत राहिले. मनात काही आलं नाही, दुःखसुद्धा नाही. नंतर कधीतरी उठले आणि घरी गेले.

त्यानंतर शिकवणी संपली की मी तिथे टेकायला लागले. हेमाताईंना ते कधी खटकलं नाही. त्या उरणजवळच्या करंजाच्या कोळ्याची लेक. वडिलांची होडी होती, आई मासळी विकायची. घराण्यात औषधशास्त्र शिकलेल्या त्या पहिल्याच. गिऱ्हाइकाशी त्या स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलत आणि घरचा फोन आला की त्याच दमात "हाय-नाय"वर येत. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणत, "राहून गेलं," जसं एखादं औषध मागवायचं राहून जावं.

पाट्यांचं मूळ त्यांचा धाकटा भाऊ चंदू. त्याला होडी नको होती. तो मोठ्या मालवाहू बोटींवर फिटर म्हणून लागला. एकदा बोट कोबे बंदराला लागलेली असताना तो तिथल्या देवळाच्या आवारातल्या जुन्या बाजारात हिंडला आणि तिथे त्याला एक निळी पाटी दिसली. विकणाऱ्या म्हाताऱ्याने गोळी गिळून दाखवली, तेव्हा ती औषधाच्या दुकानाची आहे हे त्याला कळलं. बहिणीचंही औषधाचं दुकान, म्हणून त्याने ती घेतली. दुकानाच्या भिंतीला ओल आली होती, तो डाग झाकायला हेमाताईंनी ती त्याच्याकडूनच लावून घेतली. तिथून हे सुरू झालं.

पुढे त्यांची नजर तयार झाली. चंदू बाजारातून फोटो पाठवायचा आणि त्या खोकल्याचं औषध देता देता फोनकडे बघून हो-नाही सांगायच्या. "हा गंज खोटा हाय. खरा गंज खिळ्याच्या भोकापासून सुरू होतो," असं एकदा त्याला सांगताना मी ऐकलं. पाटी हातात आली की नखाने टिचकी मारत. "छापील पत्रा असता तर बोंबलला असता. ही हळू बोलते." ओल्या फडक्याने पुसायच्या, लगेच कोरड्याने, मग गंजलेल्या कडेला मेणाचा हात. चिंच-लिंबू लावून गंज काढू द्यायच्या नाहीत. तेवढं वय तिचं तिच्याकडे राहू दे, म्हणायच्या.

अक्षरांचा अर्थ मात्र त्यांनी कधी काढला नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मोबाइल समोर धरून सगळं भाषांतर करून देतो म्हटलं. हेमाताईंनी त्यांचा हात हळूच खाली केला. "दिवसभर वाचतेच की मी. डॉक्टरांचं अक्षर, एक्स्पायरी, पट्टीवरचं बारीक. ह्या नुसत्या बघायच्या." आणखी एकदा तळोज्याच्या कुठल्याशा कारखान्यात आलेला एक जपानी इंजिनीअर पाठदुखीचं मलम घ्यायला आला. त्याने भिंतीवरच्या पाट्या एकेक करून वाचल्या. मग बरोबरच्या माणसाकरवी अगदी संकोचून त्याने सांगितलं की त्यातली एक पाटी उलटी लागली आहे. हेमाताई म्हणाल्या, "राहू द्या. मेडिकलचं दुकान उलटीवर चालतंच." याचं भाषांतर कुणाला करता आलं नाही. वाशीचा एक हॉटेलवाला सगळ्या पाट्या विकत मागायला आला होता, तेव्हा त्यांनी त्याला शांतपणे विचारलं, जेवणाच्या टेबलासमोर पोटदुखीची पाटी लावून गिऱ्हाइकाला काय सुचवायचंय तुम्हाला?

चंदू बोटीवरच गेला. हृदयविकाराचा झटका, बोट भर समुद्रात. फोन आला तेव्हा मी दुकानात होते. हेमाताईंनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या, फोन ठेवला आणि समोरच्या बाईला मधुमेहाच्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर ते नीट समजावून सांगितलं. मग शटर ओढायला लागल्या. मी काय झालं विचारलं. म्हणाल्या, "चंदू गेला." मी हात धरला तर तो कोरडा आणि थंड होता.

त्याला घरी आणायला फार दिवस लागले. करंजाला दिवसकार्य झालं आणि दुसऱ्या सकाळी दुकान उघडलं. रडताना मी त्यांना पाहिलं नाही. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाई दगडाची आहे. आई गेल्यावर मीही तिसऱ्या दिवशी फळ्यावर समीकरणं सोडवत होते.

काही आठवड्यांनी कंपनीच्या एजंटाकडून चंदूची बॅग आली. तिच्यात कामाच्या जाड कपड्यांत गुंडाळलेल्या तीन पाट्या होत्या. हेमाताईंनी त्या पुसल्या, टिचकी मारून पाहिल्या, कडांना मेण लावलं आणि काउंटरच्या आत भिंतीला टेकवून ठेवल्या. भिंतीवर लावल्या नाहीत.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी चंदूची बायको सुनीता आली. मी तिला दिवसकार्याला पाहिलं होतं. ती पाणी प्याली, पोरांचं सांगितलं आणि मग भिंतीकडे बघत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "दर खेपेला ते तुमच्यासाठी आणायचे. मना साबण, चॉकलेट. ते सगला संपला. घरान त्यांच्या हातचा कायपन उरला नाय."

हेमाताईंनी आतल्या तिन्ही पाट्या काउंटरवर आणून ठेवल्या. तुला हव्या त्या घे, तिन्ही घे, म्हणाल्या. सुनीताने मान हलवली.

"या नको. या त्यांच्या मागून आल्या. त्यांनी भिंतीला लावलेली द्या एक."

हेमाताईंनी त्या बाजूला ठेवल्या. मग विचारलं, "कंची?" सुनीताने बोट दाखवलं ते पहिल्या निळ्या पाटीकडे. मला वाटलं, आता त्या काहीतरी कारण सांगतील. पण त्यांनी स्टूल ओढलं, खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि वर चढल्या. सुनीताने स्टूल धरलं.

स्क्रू हलेना. त्यांनी दुसरा बघितला, तिसरा बघितला. मला म्हणाल्या, मॅडम, तेल द्या. मी तेल दिलं. दोन्ही हातांनी जोर लावला, तसा हात सटकला आणि बोटाचं साल निघालं. बोटीवरचा फिटर तो, बोटीवरचेच न गंजणारे स्क्रू आवळून लावले होते त्याने. हेमाताई तशाच उभ्या राहिल्या, कपाळ पाटीला टेकवून. दारात एक गिऱ्हाईक आलं, बघून परत गेलं.

"लय घट बसवलाय गं त्यानी," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. खांदे मात्र हलत होते, आणि पाटीवर डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं. सुनीता खालून म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ताई. उतरा. मीच येत जाईन."

आणि ती येते. करंजाहून दोन बस बदलून, बहुतेक दर रविवारी, कधी सुका बोंबील घेऊन, कधी रिकाम्या हाताने. हेमाताई तिला माल लावायला शिकवतात, ती पट्ट्यांवरच्या तारखा तपासते. चंदूबद्दल दोघी फारसं बोलत नाहीत. परवा मी गेले तेव्हा दुकान बंद करायची वेळ झाली होती. दोघी एकाच डब्यातून जेवत होत्या. हेमाताईंनी मला बघून तिसरं स्टूल पायाने पुढे सरकवलं आणि सुनीताला म्हणाल्या, मॅडमना काटा काढून दे, त्यांना मासळी खाता येत नाय.