दाभणाची भोकं

सातव्या साडीच्या काठावर माझं बोट थांबलं.

वरच्या सहा साड्या मी पास केल्या होत्या. सातवीच्या काठावरही भोकं होती, जिथे हवीत तिथेच होती. पण ती जरा जास्तच शहाण्यासारखी रांगेत बसली होती. मी आठवी उघडली. मग नववी. मग भिंग खाली ठेवलं आणि माठातलं पाणी प्यायले.

भोकांचं काय एवढं, असं वाचणाऱ्याला वाटेल, म्हणून आधी सांगते. हातमागावर कापड विणताना दोन्ही काठ आत ओढले जातात. ते ताणून धरायला विणकर कापडावर एक आडवी काठी लावतो. तिच्या दोन्ही टोकांना सुया असतात. चार बोटं विणून झालं की काठी पुढे सरकवायची, पुन्हा चार बोटं विणायची. प्रत्येक वेळी काठावर सुयांची बारीक भोकं राहतात. हात माणसाचा, त्यामुळे अंतर कधी चार बोटं, कधी साडेचार. यंत्रमागावर हे काम फिरती दातेरी चकती करते. तिच्या खुणा बारीक आणि सलग, मध्ये अंतर नाही. गिऱ्हाईक ज्याला कापडाचा दोष समजतं, तो आमच्या धंद्यात खरेपणाचा पुरावा.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली. टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून मी नाशिकला दहीपुलाजवळच्या एका छोट्या दुकानात खरेदी-तपासनीस म्हणून लागले होते. हुद्दा भारदस्त होता. खातं एकटीचं होतं. मालक विनायकराव, त्यांना सगळे भाऊ म्हणत. दारावर पाटी होती, ‘येथील प्रत्येक कापड हातमागाचे’. प्रत्येक साडीच्या कोपऱ्याला विणणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी शिवलेली असे आणि तिच्या शेजारी माझा गोल शिक्का, ‘तपासले’. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. जरा जास्तच होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एका नर्सिंग स्कूलची साठ साड्यांची ऑर्डर आली होती. पांढरी साडी, निळा काठ. मुलींचा शपथविधी रविवारी, माल शनिवारी द्यायचा. येवल्याच्या चार विणकरांना मी पंधरा-पंधरा साड्या वाटून दिल्या होत्या. हा गठ्ठा चौथा, यमुनाबाईंचा. यमुनाबाई विधवा होत्या. घरात म्हातारी सासू आणि एक माग. त्यांचं कापड आमच्याकडचं सगळ्यात देखणं. आमच्या यादीतून नाव गेलं तर त्यांना दुसरं दुकान नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही.

मी संशयाच्या नऊ साड्या पुन्हा मूळ घडीत घालून एकावर एक रचल्या. केसातली पिन काढली आणि वरच्या साडीच्या एका भोकात घातली. पिन कुठेही न अडता सरळ खाली गेली. दुसऱ्या भोकातही तेच झालं.

म्हणजे भोकं विणताना पडलीच नव्हती. यंत्रमागाच्या साड्या रचून कोणीतरी गठ्ठ्यातून दाभण घातलं होतं. खात्रीसाठी भिंगाखाली एका इंचातले आडवे धागे मोजले. हाताच्या कापडात इथे चव्वेचाळीस तर तिथे सेहेचाळीस भरतात. इथे जिथे बघावं तिथे अठ्ठेचाळीस. दाभणाच्या भोकांमधून चकतीच्या बारीक सलग खुणाही दिसल्या.

भोकांची परीक्षा माहीत असल्याशिवाय हे कोणाला सुचणार? आणि यमुनाबाईंना ती परीक्षा मीच शिकवली होती. दोन वर्षांपूर्वी, त्यांच्याच ओसरीवर बसून, मोठ्या तोऱ्यात. राग असा आला की कानशिलं तापली.

भाऊंना बोलावून पिनेचा प्रयोग दाखवला. त्यांनी पिन घेऊन स्वतः तिसऱ्या भोकात घालून पाहिली.

“किती आहेत?”

“नऊ.”

“शिक्का मारा.”

“भाऊ, या मालेगावच्या वाटतायत. यंत्रमागाच्या.”

“कळलं मला. आज मंगळवार आहे. शनिवारपर्यंत नऊ साड्या काय मी विणू? नर्सा काय काठावरची भोकं मोजत बसणार आहेत?”

“आणि यमुनाबाई?”

“त्यांचं नाव यादीतून काढा. आजच्या आज. असली माणसं नकोत आपल्याला.”

आता मात्र माझा तोल सुटला. “साड्या खपवायच्या असतील तर त्या खऱ्या धरा. खोट्या धरायच्या असतील तर विकू नका. माल ठेवून घ्यायचा आणि बाईला काढायचं, हे कुठलं हातमागाचं दुकान?”

भाऊंचा चेहरा लाल झाला. आतल्या खोलीत जाऊन ते परत आले. “उद्या येवल्याला जाऊन या,” ते म्हणाले. “त्या काय म्हणतात ते ऐका. पण गुरुवारी सकाळी मला साठ साड्या शिक्क्यासकट हव्यात. नाहीतर तुमच्या जागी कोण बसेल ते मला बघावं लागेल.”

बुधवारी सकाळची एसटी धरली. नऊतली एक साडी पिशवीत होती. नोकरी जाणार ही भीती होतीच, आणि तोंडात यमुनाबाईंना सुनवायची वाक्यं घोळत होती. निफाड येईपर्यंत मी त्यांना तीनदा रडवून झाले होते.

यमुनाबाई मागावरच होत्या. मला बघून त्यांनी धोटा हातातच धरला. धोटा म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी होडी. सासूबाई कोपऱ्यात धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरत होत्या. मी साडी मागावर ठेवली.

त्यांनी ती उलगडलीसुद्धा नाही. “कळलं का?” एवढंच म्हणाल्या.

“दाभण कोणी घातलं?”

“म्याच. फळीवर ठिवून. सोमवारी सकाळी.”

“आणि साड्या?”

“नंदेचा नवरा मालेगावला मागावर हाय. त्याच्या मालकाकडनं आणल्या.”

“यमुनाबाई, मी विश्वासानं शिकवलं तुम्हाला. आणि तुम्ही त्याचाच असा उपयोग केलात?”

त्या उठल्या. भिंतीवरच्या खिळ्याला ऑर्डरची चिठ्ठी टोचलेली होती, ती काढून माझ्या हातात दिली. “वाचा. मला येत नाय. शेजारच्या पोरीनं वाचून दावलं तवापास्नं माझ्या डोळ्याला डोळा नाय.”

अक्षर माझंच होतं. पंधरा साड्या, चार आठवडे. खाली एक ओळ होती, ‘मुदतीत माल न आल्यास नाव यादीतून कमी करण्यात येईल.’ ही ओळ मी सगळ्यांच्याच चिठ्ठीवर लिहायची. शिस्त राहते म्हणून.

“आता हे बघा,” त्या म्हणाल्या. मागाच्या खांबाला एक पांढरा दोरा लोंबत होता, गाठी मारलेला. “सूत आलं त्या दिशी पैली गाठ मारली. रोज एक. मोजा.”

मी मोजल्या. माल पाठवायच्या सकाळपर्यंत सतरा भरल्या.

चार आठवड्यांत सतराच दिवस कसे? मग आठवलं. काठाचं निळं सूत रंगवून यायला उशीर झाला होता. पांढरं आणि निळं एकदमच पाठवू असं भाऊ म्हणाले, मी मान डोलावली. सूत येवल्याला पोचायला अकरा दिवस गेले. चिठ्ठीवरची तारीख मात्र जागची हलली नव्हती. ती हलवायचं काम माझं होतं.

सतरातले चार दिवस ताणा लावण्यात गेले, म्हणजे उभे धागे मागावर चढवण्यात. उरले तेरा. एका साडीला दोन दिवस लागतात. सहा साड्या पुऱ्या झाल्या होत्या, सातवी अर्धी मागावर होती. मी तिच्या काठाला हात लावला. चार बोटं, साडेचार बोटं, पुन्हा चार.

बाकीच्या तिघांच्या घरी दोन-दोन, तीन-तीन माग होते, भाऊ-पुतणे होते. त्यांचं भागलं. मी साठाला चारानं भागलं आणि मोकळी झाले. कोणाच्या घरी किती हात आहेत हे बघितलंच नाही. सूत वेळेवर आलं असतं तरी एका मागावर चार आठवड्यांत पंधरा साड्या होत नाहीत. शाळेतल्या मुलालाही सुटेल असं गणित होतं आणि मी डिप्लोमावाली.

सासूबाईंनी फळीवरून एक बोचकं काढून माझ्यासमोर ठेवलं. आत आमच्या सुताच्या लडी होत्या, राहिलेल्या साड्यांच्या, जशाच्या तशा बांधलेल्या. “तुमचं सूत हाय तसं हाय,” म्हातारी म्हणाली. “त्येला हात नाय लावला.”

“मला सांगायचं तरी होतं,” मी म्हटलं.

“सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?” यमुनाबाईंनी विचारलं. “तुमी भोकं मोजता, बाई. लय बारीक मोजता. दिस नाय मोजले.”

रागानं आलेली मी शरमेनं खाली बघत बसले होते. उठताना मी तो दोरा आणि ती चिठ्ठी मागून घेतली.

गुरुवारी सकाळी भाऊंसमोर दोरा आणि चिठ्ठी ठेवली. सांगितलं, “यमुनाबाईंनी लबाडी केली. पण त्यांना तिथवर मी नेलं, आणि थोडं तुम्ही. नाव काढायचं तर माझ्यापासून सुरुवात करा. या नऊ साड्यांवर मी शिक्का मारणार नाही.”

भाऊंनी चष्मा काढून पुसला. दोरा बोटांतून हळूहळू ओढत एकेक गाठ मोजली. मी तिथेच उभी. एवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याला टॉवेल दाखवून ते पुन्हा दोऱ्याकडे वळले.

“निळ्या सुतासाठी थांबू, असं मीच म्हटलं होतं ना?” शेवटी त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग चला नर्सिंग स्कूलच्या मेट्रनकडे.”

मेट्रनबाई उंच, आवाज कोरडा. भाऊंनी एक्कावन्न साड्या टेबलावर ठेवल्या आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते सगळं यमुनाबाईंवर ढकलतील. त्यांनी ढकललं नाही. त्या माणसाबद्दल मला त्या दिवशी फार आदर वाटला.

मेट्रननी ऐकून घेतलं. “रविवारी माझ्या नऊ मुली काय नेसणार?”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी भाऊंकडे.

“सीनियर मुलींच्या जुन्या साड्या नेसतील,” त्याच म्हणाल्या. “धुतलेल्या, इस्त्री केलेल्या. राहिलेल्या नऊ नंतर द्या. पण पुढच्या वर्षी ऑर्डर देईन का, हे आत्ता विचारू नका.”

पुढच्या वर्षी ऑर्डर आली नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. खरं बोलल्याचं बक्षीस मिळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी दुकान चालवून बघावं.

मालेगावच्या नऊ साड्या यमुनाबाईंना परत पाठवल्या. त्यांचं नाव यादीत राहिलं. माझी नोकरीही राहिली. चिठ्ठीवरची धमकीची ओळ मी काढून टाकली. तिच्या जागी दोन रकाने आले, ‘सूत मिळाल्याची तारीख’ आणि ‘घरातले माग’. मुदत त्यावरून धरायची.

अठराव्या दिवशी यमुनाबाई राहिलेल्या नऊ साड्या घेऊन स्वतः दुकानात आल्या. गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाल्या, “तपासा.”

मला संकोच वाटला. “राहू दे हो,” म्हटलं.

“नाय. तपासा.”

मी नऊच्या नऊ उघडल्या, काठ बघितले, धागे मोजले, शिक्के मारले. त्या समोर उभ्या राहून बघत होत्या. सगळं झाल्यावर मी त्यांना पुढच्या कामाची नवी चिठ्ठी दिली. त्यांनी ती माझ्याच हातात परत ठेवली.

“वाचा.”

मी वाचली. किती नग, सूत कधी, माल कधी. त्या बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

“चार दिस कमी पडत्यात,” त्या म्हणाल्या. “ताणा धरला नाय तुमी.”

मी तारीख खोडली, पुढची घातली आणि चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवली. त्यांनी ती घडी करून कमरेला खोचली.

“आता बरोबर हाय,” म्हणाल्या, आणि दोनच्या एसटीला निघाल्या.