चुकलेल्या खाचा

संस्थान विलीन झालं आणि पाठोपाठ दरबारचा बँडही मोडला. बाबा त्यात क्लॅरिनेट वाजवायचे. काही वर्षांनी त्यांचे समोरचे दात पडले आणि फुंकून वाजवायचं वाद्य कायमचं सुटलं. आई आधीच गेलेली. शहराच्या लष्कर नावाच्या भागात, नई सडकेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहत होतो. मी शिक्षण खात्यात कारकून होते. वय सव्वीस, लग्न झालेलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात बाबांनी मागच्या पडवीत करवत, रंधा आणि पटाशी मांडली.

"गिटार करतो," ते म्हणाले. "बोटं अजून शाबूत आहेत."

बँडमधल्या एका सोबत्याची फुटकी गिटार त्यांनी कधीकाळी सांधून दिली होती, तेवढाच अनुभव. वरची फळी देवदाराची घेतली, बाजूंना शीशम. शीशमच्या पातळ पट्ट्या भिजवून, निखारे भरलेल्या लोखंडी नळावर दाबून वळवायच्या. दोन पट्ट्या कडकन मोडल्या, तिसरी वळली. सुरांच्या जागा ठरवणाऱ्या, मानेवरच्या पट्टीत आडव्या ठोकायच्या बारीक तारा सराफ्यातल्या एका सोनारानं ओढून दिल्या. त्या तारांसाठी पट्टीत आडव्या खाचा पाडायच्या होत्या. प्रत्येक खाचेचं अंतर आधीच्यापेक्षा थोडं कमी, आणि ते चुकलं की सूर चुकला. माझं गणित चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

त्याच सुमारास ऑफिसात बोलणं सुरू झालं, की नवं राज्य होतंय आणि राजधानी भोपाळला जाणार. फायलींचे गठ्ठे बांधले जात होते. कोण जाणार, कोण राहणार, रोज नवी यादी आल्याची बातमी यायची आणि संध्याकाळपर्यंत खोटी ठरायची. मला घरी स्वस्थ बसवेना. पोळी लाटता लाटता उठून दाराशी जायचे, पुन्हा पोळपाटाशी यायचे. शेजारणींना सांगायचे, "बाबांना एकटं टाकून कशी जाऊ?" ते ऐकून त्या हळहळायच्या. मीही मान हलवायचे.

अशाच एका दुपारी मी पट्टीवर खुणा केल्या. बाबांनी त्यावर खाचा पाडल्या, सरस लावून पट्टी मानेला चिकटवली. चार दिवसांनी मापं मांडलेला कागद पुन्हा हाती आला तेव्हा दिसलं, की पाचव्या खाचेचं माप मी दोनदा धरलं होतं. तिथून पुढचं सगळं सरकलेलं.

मी दोन दिवस काहीच बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बाबा खाचांत तारा ठोकायला बसले तेव्हा मी म्हणाले, "बाबा, थांबा. खाचा चुकल्यात. माझ्याकडून."

त्यांनी पट्टीवर फूटपट्टी धरली, मोजलं, पुन्हा मोजलं. हातोडी खाली ठेवली.

"कधी कळलं?"

"परवा."

"आणि आज सांगतेस." बराच वेळ ते पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुझं चित्त कुठंय बेटा? तुला जायचं नाहीये, की जायचंय?"

"जायचंय," मी म्हटलं. ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि तोंडातून निघाल्यावर मला लाज वाटली.

बाबा रागावले नाहीत, पण त्या दिवशी जेवलेही नाहीत. सकाळी पाहिलं तर ते तापवलेली इस्त्री पट्टीवर टेकवून सरस सैल करत होते. जुनी पट्टी निघाली, बाजूला ठेवली.

"माप पुन्हा काढ," ते म्हणाले. "इथे समोर बसून."

मी तीनदा काढलं. तिन्ही वेळा एकच आलं.

आठवड्याभरात माझ्या नावाचा हुकूम निघाला. बाबांना भोपाळला चला म्हटलं, तर ते म्हणाले, "तिथे माझं कोण आहे? आणि हे अर्धवट कुठे नेऊ?" स्टेशनवर सोडायला आले, गाडी सुटेपर्यंत शीशमला पॉलिश कोणतं चांगलं यावरच बोलत राहिले.

मी होळीच्या सुट्टीत आले तेव्हा गिटार तयार होती. वरच्या फळीला उन्हानं एक बारीक चीर गेली होती, ती त्यांनी आतून लाकडाची पातळ पट्टी चिकटवून बुजवली होती. त्यांनी बँडमधली संचलनाची एक जुनी धून वाजवून दाखवली. बोटं अडखळत होती, मधे थांबून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. सूर मात्र जागेवर होते.

"उद्या जरा बरं वाजेल," ते म्हणाले. माझी गाडी त्याच संध्याकाळची होती. मी रजा एक दिवसानं वाढवली.