आसरांच्या पायऱ्या

मी बूट घालून आसरांच्या पायविहिरीत उतरलो आणि शेवटच्या पायरीवरून घसरून गावाच्या पिण्याच्या पाण्यात पडलो.

हा किस्सा मी इतक्यांदा सांगितला आहे, की बायको आता माझा पाय घसरायच्या नेमकी आधी चहा ठेवायला उठते. धुळ्याच्या वकीलमंडळींत सांगितला, लग्नाच्या पंगतींत सांगितला, एकदा चाळीसगाव स्टेशनात गाडीची वाट पाहणाऱ्या एका परक्या गृहस्थालाही सोडलं नाही. सगळे हसले. हसवायलाच सांगत होतो ना? की एक गोष्ट मोठ्यानं सांगत राहिलं म्हणजे त्याच विहिरीतली दुसरी कोणी विचारत नाही, म्हणून? ती दुसरी मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही. आईला नाही – आता आईही नाही. तुम्हाला सांगतो, कारण सांगताना तुमच्या तोंडाकडे मला पाहावं लागणार नाही.

तेव्हा मी पुण्याला कॉलेजात होतो. ग्रामसुधारणेची हवा होती. ज्याला बैलाचं जू कुठं बसतं हे ठाऊक नाही, तोही खेड्याचा उद्धार करायला निघे. आमचे एक प्रोफेसर त्यातले बरे. त्यांना निदान नारू ठाऊक होता. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांबच लांब जंत. माणसाच्या पायातून तो इंचाइंचानं बाहेर येतो, आणि तोवर माणूस खाटेवर. रोगी पायविहिरीत पाय बुडवून पाणी भरतो आणि तेच पाणी गाव पितं. पायऱ्या बुजवा, वर कठडा बांधा, रहाट बसवा, नारू संपला. ‘विद्यापीठ आणि गाव यांनी एकत्र राबलं पाहिजे,’ असं म्हणून त्यांनी वर्गाला विचारलं, असं गाव कोणाच्या माहितीत आहे का?

मी हात वर केला. माझं आजोळ नरडाण्यापासून बैलगाडीच्या वाटेवर, आणि मामा गावचा पाटील. म्हणालो, “गाव माझ्या शब्दाबाहेर नाही, सर.”

मामाच्या गोठ्यातली म्हैससुद्धा माझ्या शब्दात नव्हती.

कॉलेजनं चुना, सिमेंट आणि गवंडी द्यायचा, गावानं दगड आणि मजूर. गावाचं मन वळवायला मी चार दिवस आधी पुढं गेलो. पारावर सगळे जमले. मी पुण्यात पाठ केलेलं भाषण म्हटलं. पायाला चिंधी गुंडाळलेला एक म्हातारा शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “मास्तर, नारू आम्हना पायमा शे. पोट तुम्हनं काबरं दुखस?”

पार हसला. मामाही हसला. अहो, मामाच सर्वांत आधी हसला. उठताना एवढंच म्हणाला, “बायास्ले इचार. पानी त्या भरतस.”

बायकांना विचारायचं म्हणजे अक्काला विचारायचं. अक्का गावची सुईण. तोंडात तंबाखू, जिभेवर शिव्या, आणि गावातली निम्मी माणसं तिच्या हातांत जन्मलेली – मीसुद्धा. आई पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. मी उलटा आलो होतो, असं अक्का चारचौघांत सांगे, आणि वर ‘अजूनही उलटाच आहे’ असं म्हणे.

तिनं भाषण ऐकूनच घेतलं नाही. तिला एकच विचारायचं होतं. विहिरीला तीन बाजूंनी पायऱ्या, आणि पलीकडच्या बाजूच्या अगदी खालच्या पायरीशी शेंदूर फासलेल्या आसरा होत्या, सात दगड, पाण्यातल्या देवता. सोयर फिटलं की बाळंतीण अक्काचा हात धरून तिथवर उतरायची, पाणी पुजायची, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायची, पहिली घागर भरायची. तोवर ती घरच्या माठालाही शिवायची नाही.

“पायऱ्या बुजाड्यात तं बाळंतीन कोठे उतरी?” अक्का म्हणाली. “आसरास्ले काय वरथीन हात जोडाना?”

खरं म्हणजे प्रश्न साधा होता. प्रोफेसर आले की त्यांना विचारता आलं असतं. त्यांनी काही तोड काढलीही असती. माणूस हट्टी होता, पण दुष्ट नव्हता. मी का विचारलं नाही? कारण विचारलं असतं तर कबूल करावं लागलं असतं, की गाव माझ्या शब्दात नाही. एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधून पाहिलं. सापडलं नाही.

मी म्हणालो, “अक्का, एका बाजूच्या पायऱ्या बाळंतिणींसाठी राहणार आहेत. सरांनी कबूल केलंय.”

तिनं तोंडातला तंबाखू थुंकला. “तू सांगस ते खरं शे ना?”

“तुझी शपथ, अक्का.”

तिची शपथ! निदान स्वतःची तरी घ्यायची होती.

अक्का घरोघर फिरली. ज्या बाया माझं तोंड पाहायला तयार नव्हत्या, त्या तिच्या एका बोलण्यावर दगड वाहायला आल्या. बाया आल्या म्हणून पुरुष आले. पुण्याहून प्रोफेसर दहा-बारा मुलं घेऊन उतरले, गावाची गर्दी पाहून माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी त्या थापेच्या धुंदीत बूट घालून विहीर दाखवायला उतरलो. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. दोन दिवस बायांनी त्या विहिरीचं पाणी घरात घेतलं नाही, आणि मला ज्या शिव्या बसल्या त्या सगळ्या अगदी योग्य होत्या.

काम चढत गेलं. एक बाजू बुजली, दुसरी बुजली. अक्का रोज येऊन काठावर उभी राही. विचारी, “कोनती बाजू ऱ्हाई रे?” मी सांगे, ती पलीकडची. ती तेच बायांना सांगे. पलीकडची बाजू गवंड्यानं बुजवली ती नरडाण्याच्या बाजारच्या दिवशी, बाया गावात नसताना. तो दिवस कोणी सुचवला, हे विचारू नका. विचाराच – मीच सुचवला. गवंड्याला म्हटलं, गर्दी नसली की काम झटपट होतं.

संध्याकाळी बाया बाजारातून परतल्या तेव्हा आसरा भिंतीच्या आत होत्या.

दुसऱ्या दिवशी पारावर जे झालं त्याला सभा म्हणत नाहीत. आमच्या मुलांच्या राहुटीवर शेण पडलं. आठवड्याभरात पाणी पुजायला निघायची होती त्या पोरीची सासू छाती बडवून विचारत होती, आता माझ्या सुनेला कुठं नेऊ? प्रोफेसर काठीला टेकून उभे. त्यांना कशाचा पत्ताच नव्हता. असणार कसा? अक्का गर्दीतून पुढं आली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “एक बाजू ऱ्हाई, ह्या पोऱ्यानीच सांगं माले.”

प्रोफेसर वळले. “तुम्ही असं काही बोललात?”

सगळा गाव ऐकत होता. मामा ऐकत होता. मी अगदी शुद्ध, पुणेरी, इस्त्रीच्या मराठीत म्हणालो, “नाही सर. या बाईंचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो.”

बाई! जिनं मला पायाला धरून या जगात ओढून आणलं, ती ‘या बाई’.

अक्कानं शिवीसुद्धा दिली नाही. ती शिवी देईल म्हणून मी अंग आवळून उभा होतो, आणि ती पदर सावरून गर्दीतून निघून गेली. गर्दीनं वाट दिली. वाट देताना बाया अंग चोरून बाजूला झाल्या, ते मला दिसलं. मला सगळं दिसत होतं.

त्यानंतर गावात तिला बाळंतपणाला कोणी बोलावलं नाही. जिनं आसरा बुजवू दिल्या तिचा हात पोरीला कसा लावायचा? शेजारच्या गावची सुईण गाडी धाडून आणू लागले. अक्का लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. नारू खरोखरच ओसरला, प्रोफेसरांनी आमच्या त्या गावावर पुण्यात व्याख्यान दिलं, टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो. मीही टाळ्या वाजवल्या. पुढं वकील झालो, आणि अजूनही ग्रामसुधारणेच्या सभांतून बोलायला जातो. गावाला विश्वासात घेतल्याशिवाय शिकलेल्यांनी गावात पाऊल टाकू नये, असं बोलतो. चांगलं बोलतो म्हणतात.

गेल्या वर्षी मामाच्या तेराव्याला गेलो तेव्हा अक्काकडे गेलो. म्हातारी भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. दिसत कमी होतं, पण आवाजावरून ओळखलं. मी समोर बसलो. कोर्टात मी तासन् तास बोलतो. इथं कशीबशी एवढीच ओळ निघाली, की अक्का, तेव्हा पारावर मी खोटं बोललो होतो.

तिच्या हातातली शेंग थांबलीसुद्धा नाही.

“तुले काय वाटस, कोनले ठाऊक नव्हतं? बठ्ठा गावले तव्हयच ठाऊक व्हतं. पन पाटीलना भाचाले खोटा कोन म्हनी? माले खोटी म्हननं सोपं व्हतं.” तिनं फोलपटं फुंकली. “आनि तू इतला वरीस सवताले हुशार समजी ऱ्हायना व्हता!”