शिक्क्याची ओली शाई

गुरांच्या बंद पडलेल्या सरकारी दवाखान्याच्या जागेचे काय करावे, याविषयी नागरिकांच्या सूचना स्वीकारण्याचा काल शेवटचा दिवस होता. त्याच भिंतीलगत भाजी विकणाऱ्या सखूबाईंचा अर्ज मी लिहून दिला होता: बाजारातल्या बायकांसाठी तेथे स्वच्छतागृह असावे.

कचेरीत कारकुनाने अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारला. सखूबाईंनी ओल्या शाईवर हलकेच फुंकर घातली. माझी नजर मात्र टेबलावरील अहवालावर गेली. ‘प्राप्त सूचना: निरंक’ असे त्यात आधीच टंकलिखित होते आणि खाली साहेबांची सहीही होती.

“मुदत संध्याकाळपर्यंत आहे ना?” मी विचारले.

“काका, तुम्हाला पोच मिळाली ना?” कारकून म्हणाला.

कायद्याने आम्हाला बोलण्याचा अधिकार दिला. ऐकण्याचे कर्तव्य मात्र कोणाच्याच कानांवर सोपवले नाही. अशा शिक्का मारलेल्या प्रतींनी माझे कपाट भरले आहे, आणि त्यांतल्या प्रत्येकीवर मीही कधीतरी अशीच फुंकर घातली आहे.

पायऱ्या उतरताना सखूबाई म्हणाल्या, “दादा, तेवढं दाराला आतून कडी बसवा म्हणावं. विसरतात मेले.”

“त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल,” मी म्हणालो.